दुसऱ्याच्या हालाची आत्मचरित्रं वाचून आपल्याला बळ येतं का?

निपाणीची वाचक
"घरात काय कमी भोगलं म्हणून लोकांचं भोगणं विकत आणून वाचतेस?" असं परवा आमच्या आत्यानं विचारलं. तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून इथं लिहिते.

माझी आई बिड्या वळायची. मांडीवर सूप, पत्र्याच्या मापानं पान कातरायचं, चिमूटभर तंबाखू, वळून दोरा. दिवसाला हजार. संध्याकाळी मोजून देताना कारखान्यातले छाट काढायचे, म्हणजे खराब म्हणून काही बिड्या बाजूला टाकायचे. त्याचे पैसेही नाहीत आणि बिड्याही परत नाहीत. तिच्या लुगड्याला येणाऱ्या वासाची मला लाज वाटायची. वर्गात विचारलं की मी "आई घरीच असते" म्हणून सांगायची.

बारावीत आनंद यादवांची 'झोंबी' (१९८७) हातात पडली. यादवांचं गाव कागल आमच्यापासून गाडीनं अर्ध्या तासावर. बाप पोराला शाळेतून काढून मळ्यात जुंपतो, पोरगं शिकायसाठी झोंबत राहतं. आपल्यासारख्याच घरातलं कुणीतरी न झाकता छापलंय, हे बघून त्या रात्री मी आईला माझं खोटं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं की गं." आणि पान कातरत राहिली.

खानापूरचा मास्तर
ताई, तुमचं खरं आहे, पण मला पटत नाही. असली पुस्तकं लिहितो कोण? जो वर आला तो. माझा धाकटा भाऊ माझ्यापेक्षा हुशार होता. दहावीनंतर शाळा सुटली, आता गोव्यात हॉटेलात आहे. त्याला असंच एक पुस्तक दिलं. आठ दिवसांनी परत देत म्हणाला, "ह्याला जमलं, मला जमलं नाही, हेच सांगायचंय नव्हं तुला?" तेव्हापासून मी कुणाला असलं पुस्तक भेट देत नाही.

आणि 'झोंबी'ला आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणतात. मग त्यात खरं किती आणि रचलेलं किती? घरच्यांची अब्रू चव्हाट्यावर येते, त्यांना कुणी विचारलेलं असतं काय?

शहापूरची काकू
मास्तर, विचारून लिहायचं म्हटलं असतं तर बायकांचं एकही पुस्तक झालं नसतं. बेबी कांबळे यांनी आपल्या आत्मचरित्राचं, 'जिणं आमुचं'चं लिखाण कितीतरी वर्षं घरात लपवून ठेवलं होतं.

खरेपणाचं माझं माप वेगळं आहे. लिहिणारा आधी स्वतःला उघडं करतो का, ते बघायचं. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणा लिहिला, तसंच आपलं सोवळंओवळंही लिहिलं, आणि ते सुटताना जिवाची काय तगमग झाली तेही. माझे यजमान गेले त्या वर्षी मी ते दोनदा वाचलं. दुःख कमी झालं नाही, पण रात्री कुणीतरी सोबतीला असल्यासारखं वाटायचं.

खानापूरचा मास्तर
काकू, सोबतीचं मान्य. 'वाचून माणूस घडतो' हे मात्र नाही. माझा भाऊ आणखीच गप्प झाला.

निपाणीची वाचक
दादा, तुमच्या भावाचं बोलणं कालपासून डोक्यातून जात नाही. जो वर आला नाही त्यानं लिहिलेलं पुस्तक आठवून बघितलं, एकही आठवलं नाही. इथं तुमचं बरोबर आहे. पण पुस्तक परत देताना तो तुमच्याशी खरं बोलला, ते आधी कधी बोलला होता काय? मी आईला सांगितलं ते पुस्तकामुळंच. तुम्ही त्याला पुढं काय उत्तर दिलं, ते लिहिलं नाही तुम्ही.

खानापूरचा मास्तर
काहीच दिलं नाही. गणपतीला येतोय तो.