टचस्क्रीन संगणक : प्रदर्शनातले दर्शन आणि रोजचा वापर

वैदेही :
लास वेगासला दर जानेवारीत भरणाऱ्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनातील टचस्क्रीन संगणकांच्या बातम्या वाचून कोणीही खरेदीचा विचार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे वस्तू दोन-चार मिनिटांत नजरेत भरावी लागते, आणि संगणकाचे गुणदोष मात्र तासन्‌तास काम केल्यावरच कळतात. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी या प्रदर्शनाच्या व्यासपीठावर एचपी कंपनीचा स्लेट हा पाटीसारखा सपाट संगणक हातात धरून दाखवला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला ॲपलने आयपॅड जाहीर केला, तोही प्रदर्शनाबाहेर, स्वतःच्या कार्यक्रमात. आयपॅड एप्रिलमध्ये ४९९ डॉलरपासून मिळू लागला. स्लेट ऑक्टोबर उजाडल्यावर ७९९ डॉलरला आला आणि तोही मुख्यतः कंपन्यांसाठी. किमतीहून मोठा फरक वापरात होता. स्लेटवर विंडोज ७ होती, म्हणजे माऊससाठी आखलेले अरुंद स्क्रोलबार आणि खिडकी बंद करण्याची कोपऱ्यातली छोटी फुली. बोट टेकते ती जागा माऊसच्या बाणाच्या टोकाहून कितीतरी मोठी असते, शिवाय जे दाबायचे तेच बोटाखाली झाकले जाते, त्यामुळे फुलीऐवजी शेजारचे बटण दाबले जाणे ठरलेलेच. व्यासपीठावर ई-पुस्तकाची पाने उलटून दाखवताना हा दोष कोणाला दिसणार?

श्रीरंग :
वैदेहीताई, आपण प्रदर्शनाकडे दुकान म्हणून पाहत आहात, तेथेच माझा आक्षेप आहे. सीईएस सर्वसामान्य ग्राहकांसाठी खुले नसते. तेथे येतात ते व्यापारी, सुटे भाग बनवणारे, सॉफ्टवेअर लिहिणारे आणि पत्रकार. २०१२ च्या जानेवारीत लेनोवोने पडदा पूर्ण मागे वळवता येणारा योगा लॅपटॉप दाखवला, तेव्हा ज्या विंडोज ८ वर तो चालणार होता ती बाजारात यायला ऑक्टोबरअखेर उजाडायची होती. अशा वेळी यंत्र आधी दिसले, तर ॲप तयार करणाऱ्यांना बोटाजोगी बटणे आखायला अवधी मिळतो. ती बिजागरी आज कितीतरी कंपन्यांच्या लॅपटॉपला आहे. प्रदर्शनाने दिशा दाखवली, हे आपण मान्य करायला हवे.

निखिल :
बिजागरीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. साध्या लॅपटॉपच्या उभ्या पडद्यावर बोट टेकवले की पडदा मागे झुलतो. बिजागरी घट्ट करावी, तर झाकण एका हाताने उघडत नाही. आणि हात अधांतरी धरून काम करणाऱ्याचा खांदा थोड्याच वेळात भरून येतो. हे दुखणे नवे नाही. १९८३ च्या एचपी-१५० या संगणकात पडद्याभोवती अवरक्त किरणांची जाळी बसवून बोटाची जागा ओळखली जात असे. तंत्र चालले, पण टेबलावरच्या संगणकात स्पर्शाची सवय काही रुजली नाही. हात थकतो याच कारणासाठी २०१० मध्ये ॲपलचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी लॅपटॉपवरील टचस्क्रीनला जाहीर विरोध केला होता.

मंजिरी :
निखिल, दिवसभर केवळ पडद्यालाच हात लावून काम करा, असे कोणी म्हणत नाही. कीबोर्ड आहे तेथेच राहतो. नकाशा मोठा करणे, आकृतीवर पेनाने खूण करणे, दस्तऐवजावर सही करणे एवढ्यापुरता स्पर्श लागतो. माझ्या वडिलांच्या बोटांना कंप आहे. टचपॅडवर बाण नेमक्या जागी थांबवणे त्यांना जमत नाही, पण पडद्यावरचे मोठे चिन्ह ते सहज दाबतात. ही सोय म्हणजे निव्वळ देखावा, असे मला कोणीही सांगू नये.

वैदेही :
मंजिरी, तुमच्या वडिलांना उपयोगी पडते ते बाजारात मिळणारे यंत्र आहे, आणि माझा रोख त्यावर नाहीच. रोख आहे तो केवळ प्रदर्शनात दिसणाऱ्या नमुन्यांवर. रेझर कंपनीने याच प्रदर्शनात २०१७ मध्ये तीन पडद्यांचा लॅपटॉप मांडला. डेलने २०२० मध्ये घडीच्या पडद्याचा एक आणि दुहेरी पडद्याचा एक असे दोन नमुने मांडले. यांपैकी एकही विक्रीला आला नाही, तरी बातम्यांत त्यांना विक्रीच्या यंत्रांइतकीच जागा मिळाली. किंमत आणि विक्रीची तारीख जाहीर नसेल, तर पत्रकारांनी पहिल्याच वाक्यात तसे सांगावे, एवढी माझी मागणी आहे.

श्रीरंग :
ही कसोटी पुरेशी नाही. लेनोवोचा घडी होणारा थिंकपॅड एक्स१ फोल्ड २०२० च्या सीईएसमध्ये २,४९९ डॉलर किंमत सांगूनच दाखवला होता आणि तो विक्रीलाही आला. तरीही त्याच्या मंद गतीबद्दल परीक्षणांत नाराजी उमटली. किंमत आणि तारीख छापून वाचकाला यंत्राची गती कळली नसती. पत्रकाराने त्यावर स्वतः टंकलेखन केले की कंपनीच्या माणसाने लांबून दाखवलेले पाहिले, हे बातमीत यायला हवे.

वैदेही :
तेही यावे, पण त्यासाठी किंमत आणि तारीख मी सोडणार नाही.