द विकेड किंग वाचू की सोडू? (स्पॉयलर नकोत प्लीज)

मांजरपावली:
लोकहो, होली ब्लॅकचं द क्रुएल प्रिन्स रात्री जागून संपवलं आणि तो शेवट वाचून लगेच दुसरा भाग मागवला. आता शंभरेक पानं झालीत आणि जाम कंटाळा येतोय. पहिल्यात ज्यूड (फेअरींच्या, म्हणजे पऱ्यांच्या जगात वाढलेली माणसाची पोर) आणि कार्डन (तिथला राजपुत्र) एकमेकांच्या जिवावर उठलेले, त्यात मजा होती. इथे ज्यूड नुसता दरबार सांभाळतेय, हेर काय बातमी आणतात, समुद्राखालची राणी काय धमकी देते, कोण फितूर झालंय... अरे मी रोमान्स म्हणून घेतलं होतं ना! एनेमीज टू लव्हर्स (आधी वैरी, मग प्रेमी) मधले लव्हर्स पुढे येतात का?

रातकिडा:
सोडू नकोस गं बाई. या पुस्तकात राजकारण हाच रोमान्स आहे. पहिल्या भागाच्या शेवटी तिने त्याला एक वर्ष आणि एक दिवस स्वतःच्या हुकमात बांधून घेतलंय, आणि या फेअरी लोकांना दिलेला शब्द मोडता येत नाही, म्हणजे सिंहासनावर तो पण दोरी हिच्या हातात. आधी तो छळायचा, आता पारडं फिरलंय. मग तो जरा बरा वागला की ते हुकमामुळे की मनापासून, हे तिलाही कळत नाही आणि आपल्यालाही. मी परत वाचताना फक्त एवढंच बघत गेले की तिने काही सांगितलेलं नसताना तो काय करतो. सगळा माल तिथे आहे.

चहाबाज:
माझ्या तर कार्डन डोक्यात जातो. त्याच्या टोळक्याने पोरींना नदीत ढकललं, ज्यूडला ते भुलवणारं फळ बळंच खायला घालून तमाशा केला, आणि मोठ्या भावाचा मार खाल्लाय म्हणून आपण बिचारा म्हणायचं? छे. पण ज्यूडसाठी वाच. विषबाधा होऊ नये म्हणून ती पोरगी रोज थोडं थोडं विष स्वतःच गिळते, आणि तिथे खोटं बोलता येणारी माणसंच, फेअरींना ते जमतच नाही, त्या एवढ्याशा भांडवलावर सगळ्यांना नाचवते. अशी हिरॉईन असल्यावर हिरो कसाही चालतो मला.

लेकीचीआई:
मुलगी नववीत आहे, तिच्या मागोमाग मीही वाचलं (आधी बघावं म्हटलं, पोरगी काय वाचतेय, मग मीच अडकले). वाचणाऱ्या मुलींच्या आयांनो, रोमान्स कमी आणि रक्तपात जास्त आहे हे लक्षात ठेवा. मला खरं तर कार्डनपेक्षा ज्यूड आणि मॅडॉकचं प्रकरण भिडलं. ज्याने तिच्या आईवडिलांना डोळ्यांदेखत मारलं त्याच्याच घरात वाढायचं, त्याच्याकडूनच तलवार शिकायची आणि तरी त्याने शाबासकी दिली की बरं वाटायचं. दुसऱ्या भागात तर दोघं समोरासमोर डाव टाकतात. मांजरपावली, तू ते सीन घाईत वाचत असशील तर थांब जरा.

मांजरपावली:
काकू, तेच सीन मी चाळून पुढे जात होते 🙈 ओके, मागे जाते.

रातकिडा:
आणि एक, स्पॉयलर देत नाही पण शेवटाकडे एक हुकूम सुनावला जाईल तो शब्दन् शब्द वाच. फेअरी खोटं बोलत नाहीत पण बोलण्यात अशी मेख मारून ठेवतात की बास. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडून पुस्तक आपटलं होतं.

निळूफुले_नव्हे:
तिसरा भाग आत्ताच मागवून ठेव, द क्वीन ऑफ नथिंग. दुसरा आला जानेवारी २०१९ ला आणि तिसरा त्याच वर्षी नोव्हेंबरात, ते महिने आम्ही काय काढलेत आमचं आम्हाला माहीत. तुम्हा आजकालच्या पोरांना सगळं तयार मिळतं.

मांजरपावली:
मागवलं. येईस्तोवर फितूर कोण ते कुणी सांगितलंत तर बघाच.

चहाबाज:
सांगू?