तुमचा लाडका बॉक्सर कोण आणि का? अनुभव लिहा

दुपारची_झोप
लेकाने काल फोनवर क्लिप दाखवली. अटलांटा ऑलिंपिक १९९६, ज्योत पेटवणारा मुहम्मद अली. "बाबा, याचा हात एवढा का हलतोय?" पार्किन्सन सांगितला, तर पुढचा प्रश्न, "मग याला कशाला बोलावलं?"

तो सोहळा मी माझ्या बाबांशेजारी बसून पाहिला होता. बाबा पक्के फ्रेझरवाले, म्हणजे अलीचा प्रतिस्पर्धी ज्यो फ्रेझर त्यांचा लाडका. अलीने फ्रेझरची केलेली टवाळी त्यांनी कधीच माफ केली नाही, घरात अलीचं कौतुक केलं की वाद ठरलेला. पण त्या दिवशी ज्योत पेटेपर्यंत ते खुर्चीला टेकले नाहीत.

मला अली आवडतो तो १९६७ साठी. सैन्यभरतीला नकार दिला, विश्वविजेतेपदाचा पट्टा काढून घेतला, परवाना गेला. पंचविशीत! पुढची साडेतीन वर्षं रिंग बंद. बॉक्सरची तीच तर वर्षं असतात. १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली, पण पायातला तो वेग काही कोर्टाला परत देता आला नाही.

तुमचं कोण? हरलेलेही चालतील.

कडूलिंब
जॉर्ज फोरमन. विषय संपला.

मी_वाचतेय_फक्त
@कडूलिंब असं नाही चालणार, कारण लिहा 😄

कडूलिंब
बरं. १९७४, किन्शासा. सगळ्यांना वाटत होतं हा अलीला मारून टाकेल. अली दोरांना टेकून मार खात राहिला, हा दमला, आठव्या फेरीत आडवा. काही वर्षांनी खेळ सोडून धर्मोपदेशक झाला. दहा वर्षांनी परत आला, तेव्हा लोक पोटाकडे बघून हसायचे. १९९४ ला तेव्हाचा विश्वविजेता मायकेल मूरर गुणांवर पुढे होता, दहाव्या फेरीत एक उजवा आणि खेळ खल्लास. वय ४५. चड्डी तीच, किन्शासातली! दोन फेऱ्यांच्या मध्ये स्टुलावर बसायचाही नाही, उभाच.
मी चाळिशीत नोकरी गेल्यावर नवीन काम शिकत होतो, बॅचमधली पोरं काका म्हणायची. तेव्हा हा माणूस रोज आठवायचा.

भिजलेली_छत्री
पाचही मुलग्यांची नावं जॉर्ज ठेवणारा तोच ना? हाक मारल्यावर येत कोण असेल?

कडूलिंब
जो उपाशी असेल तो

सानूची_आई
बाळ झोपलंय, पटकन लिहिते. मेरी कोम. सहा जागतिक सुवर्ण वगैरे सगळ्यांना पाठ आहे. माझ्यासाठी त्यातलं २००८ चं. जुळ्यांच्या जन्मानंतरचं ते. मला बाळंतपणानंतर जिना चढून धाप लागत होती आणि हिने विश्वविजेतेपद मिळवलं हे वाचून आधी चक्क रागच आला, मग बूट शोधले.
आणि लंडन २०१२. बायकांना तीनच वजनगट दिले होते, ५१, ६०, ७५. ही ४८ च्या आतली. अंगाने मोठ्या मुलींशी खेळून ब्रॉन्झ आणलं. उठलं बाळ, येते

ठोसा_न_खाल्लेला
मेरी महान आहेच, पण २०१९ च्या संघनिवडीच्या ट्रायलनंतर निखत झरीनशी हात मिळवला नाही ते मला आजही खटकतं. निखतने फक्त ट्रायल मागितली होती. ९-१ ने हरली, बोलणी खाल्ली, आणि २०२२ ला इस्तंबूलमध्ये सुवर्ण, २०२३ ला दिल्लीत परत. माझ्या पुतणीच्या खोलीत भिंतीवर निखत आहे, मेरी नाही.

सानूची_आई
दोघींना लावा की भिंतीवर, भिंत मोठी असते.

ठोसा_न_खाल्लेला
पुतणीला सांगून बघतो, जिवाची हमी नाही

जुना_कोपरा
मी थोडं खेळलोय, बाहेरून दिसत नाही ते लिहितो. खरा जीव कॉर्नरमध्ये, म्हणजे फेऱ्यांच्या मध्ये कोच जिथे असतो त्या कोपऱ्यात, अडकतो. मनिला १९७५, अली-फ्रेझर तिसरी लढत. चौदा फेऱ्या झालेल्या. फ्रेझरचा उजवा डोळा सुजून बंद, डावा आधीपासून अधू. समोरून येणारा ठोसा दिसतच नव्हता आणि तरी तो उठायला निघाला होता. कोच एडी फच यांनी लढत थांबवली. एक फेरी उरलेली असताना! मला त्या लढतीत सर्वात मोठा माणूस फच वाटतात.
मी पोरांना शिकवायचो तेव्हा एकाला असंच मध्येच थांबवलं होतं. वडील भांडायला आले. मुलगा बरेच महिने बोलला नाही. आता त्याचीच पोरगी शिकते, आणि स्पॅरिंगला (सरावाच्या लढतीला) तो माझ्यापेक्षा आधी ओरडतो, बास बास म्हणून.

मी_वाचतेय_फक्त
दंडवत सर. अजून लिहा ना.

स्पष्टच_सांगतो
सगळं ठीक, पण डोक्यावर मार खायच्या खेळाला प्रेरणा म्हणायचं? अलीचं काय झालं बघितलंच.

जुना_कोपरा
प्रश्न रास्त आहे. मेंदूला इजा होते, नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून तर फच लिहिले.

भिजलेली_छत्री
टायसन कोणीच नाही म्हणत?

कडूलिंब
विसाव्या वर्षी हेवीवेटचा विश्वविजेता, मान्य. पण त्या धाग्याला तू उत्तरं देत बस. मला त्याच्यापेक्षा बस्टर डग्लस जवळचा. १९९०, टोकियो, सट्टेबाजांचा भाव ४२ ला १. काही आठवड्यांपूर्वी आई गेलेली. आठव्या फेरीत पडला, उठला, दहाव्यात टायसनला झोपवलं.

रात्रपाळी
टायसन फ्युरी. नैराश्य, व्यसन, वजन अफाट वाढलेलं, अडीच वर्षं रिंगच्या बाहेर. डिसेंबर २०१८ ला प्रतिस्पर्धी डिऑन्टे वाइल्डरने बाराव्या फेरीत पाडला, वाटलं गेला. उठून उभा! लढत बरोबरीत सुटली. माझी गोळ्या घेण्याची वर्षं होती ती. त्याने हे सगळं मोठ्याने सांगितलं म्हणून मी घरी सांगू शकलो, एवढंच.

सानूची_आई
@रात्रपाळी बरं केलंत लिहिलंत. आता कसे आहात?

रात्रपाळी
ठीक ताई. झोप सोडून सगळं ठीक, पण ते पाळीमुळे.

पळती_सावली
सरिता देवी राहिली! इंचिऑन आशियाई खेळ २०१४. सेमीफायनलचा निकाल कोणालाच पटला नाही. जिच्याकडून हरली त्या कोरियन मुलीच्याच गळ्यात तिने आपलं ब्रॉन्झ घातलं. वर्षभराची बंदी आली, माफीही मागावी लागली. नियमात बसत नव्हतं हे कळतं, पण मी ऑफिसात गप्प बसते तेव्हा तीच डोळ्यांसमोर येते.

ठोसा_न_खाल्लेला
+१. आणि पॅरिस २०२४ ची सिंडी एन्गाम्बा. निर्वासितांच्या संघाचं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक.

भिजलेली_छत्री
अवांतर: मुलीचे ग्लोव्हज भयंकर वास मारतात, उपाय?

जुना_कोपरा
बॅगेत कोंडू नका. आल्या आल्या पूर्ण उघडून वर्तमानपत्राचे बोळे भरा, वारा लागू द्या. कडक उन्हात नको, लेदर तडकतं. हाताच्या पट्ट्या रोज धुवा, वास तिथूनच सुरू होतो.

भिजलेली_छत्री
पट्ट्या रोज धुवायच्या असतात??

सानूची_आई
😂😂 ई