वारस नोंद आठ महिने अडकली आहे, कुणाला अनुभव?

प्रेषक: वैशाली, डर्बी

नमस्कार मंडळी,

बाबांना जाऊन वर्ष होत आलं. शिवाजी पेठेतलं घर आणि गावाकडची दीड एकर, दोन्हींवर अजून त्यांचंच नाव आहे. जमिनीचा वारस अर्ज चुलतभावानं आठ महिन्यांपूर्वी कचेरीत नेऊन दिला. डिसेंबरात मी पंधरा दिवस कोल्हापुरात होते, त्यातले चार त्या बाकावर गेले. आधी साहेब मीटिंगला, मग सर्व्हर बंद, मग "तुमचा कागद वर गेलाय". वर म्हणजे कुठं, ते कुणी सांगेना. बाहेर चहाच्या गाड्यावर एकानं मात्र सगळं नीट सांगितलं, रकमेसकट.

मागच्या ऑगस्टात म्हणजे 2025 मध्ये सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा इथं इंग्लंडात आपण पेढे वाटले. सहा जिल्ह्यांचं हायकोर्ट मुंबईहून कोल्हापुरात आलं, आणि आमचा कागद दोन टेबलं ओलांडत नाही. एजंटाशिवाय काही वाट आहे का? कुलमुखत्यारपत्र करून पाठवलंय, ते भावाच्या कपाटात आहे.

वैशाली


प्रेषक: तात्या, लेस्टर

वैशाली,

निवृत्तीपर्यंत महसुलातच कारकुनी केली, म्हणून आधी एकच विचारतो. भावाकडं पोच आहे काय? नसेल तर तुमचा अर्ज आठ महिने अडकलेला नाही. तो दिलेलाच नाही. ज्याला नंबर नाही, तारीख नाही, तो कागद टेबलावर असला काय आणि टेबलाखाली असला काय, सारखंच. आम्हा कारकुनांची खरी ताकद सहीत कधीच नव्हती, ती नोंद न घेण्यात होती.

आता कायदा बघ. 1966 च्या जमीन महसूल संहितेचं कलम 149. वारसानं तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं, लेखी किंवा तोंडी. होय, तोंडीसुद्धा चालतं! आणि तलाठ्यानं लगेच लेखी पोच द्यायची. पोच मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे, हे आपल्या लोकांना अजून पटत नाही. आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण पोच तीच.

पुढं वारस नोंदवहीत म्हणजे 6-क ला नाव चढतं, फेरफार म्हणजे नाव बदलाची नोंद धरली जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, मग मंडल अधिकारी नोंद मंजूर करतो. सही झाली की सातबारा बदलला. हल्ली ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या अर्ज करता येतो. भावाला तिथूनच नव्यानं करायला सांग. नंबर पडला की कागद कुणाच्या खिशात राहत नाही.

घराचं वेगळं. ते नगर भूमापन कचेरीकडं, मालमत्ता पत्रकावर. महापालिकेच्या घरफाळ्याच्या पावतीवर नाव लागलं म्हणून मालकी लागत नाही, या गैरसमजात पेठेतली निम्मी घरं अडकलेली मी बघितलीत. दोन्ही अर्ज स्वतंत्र कर.

आणि ते कपाटातलं कुलमुखत्यारपत्र! परदेशात केलेला कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. वारस नोंदीला त्याची गरज नाही, पण पुढं वाटणी-विक्रीला लागेल. किती दिवस झाले मोज.

शाहू महाराजांनी 1918 साली कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले ते कशासाठी? गावाचं दप्तर एका घराच्या माळ्यावर राहू नये म्हणून. दप्तर सरकारात आलं. "उद्या या" तेवढं वतनासारखं पिढ्यान्पिढ्या चालू राहिलं. मीही म्हटलंय, खोटं कशाला सांगू.

तात्या


प्रेषक: संजय, बर्मिंगहॅम

तात्या, मान राखून बोलतो, नंबर पडला की झालं असं काही नाही.

धाकट्या भावाची गोकुळ शिरगावात छोटी फाउंड्री आहे. शेड वाढवायला त्यानं एका खात्याकडं ऑनलाइन अर्ज केला. नंबर लगेच आला. मुदत संपायच्या आदल्या दिवशी "त्रुटी". नकाशावर सही नाही. सही करून टाकली, पुन्हा मुदतीच्या तोंडावर प्रतिज्ञापत्र हवं. मग तिसरं काहीतरी. दरवेळी घड्याळ पहिल्यापासून. त्यांच्या तक्त्यात एकही अर्ज उशिरा दिसत नसेल बघा, सगळे आपले "अर्जदाराकडे प्रलंबित". तोवर ऑर्डर बेळगावच्या माणसानं नेली.

2023 मध्ये उद्योगांसाठी सुविधा कायदा आला, सगळ्या परवानग्या एकाच जागी म्हणून सरकारची 'मैत्री' नावाची एक खिडकी आली. चांगलंय. पण खिडकीच्या आत टेबलं तेवढीच आहेत, आणि प्रत्येकाला आपापली त्रुटी काढायची हौस. पूर्वी निदान माणसाशी भांडता तरी यायचं. स्क्रीनशी काय भांडणार?

संजय


प्रेषक: तात्या, लेस्टर

संजय, बरोबर बोललास. ही युक्ती आमच्या वेळीही होती, फक्त पोस्टानं चालायची.

त्यावर 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवांनाच लागू, म्हणून ती परवानगी यादीत आहे का ते आधी बघ. प्रत्येक कचेरीत सेवा, मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलाचा अधिकारी यांचा फलक लावणं सक्तीचं आहे. अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं. पहिलं अपील तीस दिवसांत त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडं, मग दुसरं, शेवटी आयोग. कसुरीला दंड 500 ते 5,000 रुपये. दंडाला कुणी घाबरत नाही, खरं सांगतो. अपिलात वरिष्ठासमोर "तीन वेळा तीन त्रुटी का काढल्या?" याचं उत्तर द्यावं लागतं, त्याला घाबरतात. म्हणून भावानं प्रत्येक त्रुटीची स्क्रीन तारखेसह छापून ठेवावी, आणि पुढच्या पत्रात लिहावं: "उर्वरित सर्व त्रुटी एकदमच कळवाव्यात." हे एक वाक्य फाईलवर चढलं की माणूस जपून लिहितो.

तरी एक बाजू सांगून ठेवतो. एकाच माणसाकडं दोन-तीन सजा, म्हणजे तलाठ्याच्या गावांचे गट, असतात. पंचनामे, निवडणुका, पूर आला की पंचगंगेकाठी रात्रंदिवस. सगळेच काही चहाच्या गाड्यावाल्याशी वाटा ठरवून बसलेले नसतात.

तात्या


प्रेषक: वैशाली, डर्बी

तात्या, भावानं काल ई-हक्क वर अर्ज भरला, नंबर आला. कचेरीत जुन्या अर्जाचं विचारलं तर "असा अर्ज आलेला दिसत नाही" म्हणाले. तुम्ही म्हणालात तेच.

कुलमुखत्यारपत्र पोचून अडीच महिने झालेत. भाऊ सोमवारी मुद्रांकाचं बघायला जातोय.

आता नवीनच. मृत्यू दाखल्यावर बाबांचं नाव दत्तात्रय आहे आणि सातबाऱ्यावर नुसतं दत्तू. त्रुटी निघायच्या आधीच प्रतिज्ञापत्र जोडून टाकू, की विचारतील तेव्हा देऊ?

वैशाली