विषय: फाउंड्रीचा महिन्याचा कार्बन पाऊण किलो?

मंडळी, नमस्कार.

सुट्टीवर कोल्हापुरात आलोय. दादाची फाउंड्री गोकुळ शिरगावला, भट्टी इंडक्शनची, म्हणजे सगळा खेळ विजेवर. जर्मनीतल्या गिऱ्हाइकानं दर महिन्याचा कार्बनचा आकडा, म्हणजे किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो तो, मागितलाय. हातानं कोण करत बसणार, म्हणून एन-एट-एनवर (कामं आपोआप करून घ्यायचं सॉफ्टवेअर) वर्कफ्लो बांधला; त्यातली एकेक पायरी म्हणजे नोड. ऑफिसातले भाऊसाहेब बिलातले युनिट गुगल फॉर्मात टाकतात, कोड नोडमधलं माझं जावास्क्रिप्ट ते साफ करतं, पुढं इंटरनेटवरून विनंती क्लायमॅटिकच्या एपीआयला (कार्बनचं गणित करून देणारी ऑनलाइन सेवा) जाते आणि उत्तर शीटमध्ये पडतं.

सगळे नोड हिरवे. पण १,२५,००० युनिटांना कार्बन आला पाऊण किलोच्या आत! दादा म्हणतो, "एवढा तर आपल्या गेटवरच्या चहाच्या गाड्याचा असंल." फॅक्टर, म्हणजे एका युनिटमागं किती कार्बन तो आकडा, भारताच्या ग्रिडचाच लावलाय. गोम कुठं असावी?

---

अरे बाबा,

एपीआयला बोल लावू नकोस. आपल्या ग्रिडचा फॅक्टर युनिटमागं साधारण ०.७ किलो. म्हणजे तुझ्याकडून एकच युनिट गेलंय. मजकुराचा आकडा करायला जावास्क्रिप्टचं 'पार्सफ्लोट' वापरलंयस ना? ते पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतं, '१,२५,०००' मधला फक्त १ घेतं आणि तक्रारसुद्धा करत नाही. त्याच कामाचं दुसरं फंक्शन 'नंबर' वापरलं असतंस तर 'नॉट अ नंबर' आलं असतं, चूक तिथंच दिसली असती. आधी स्वल्पविराम काढ, मग 'नंबर'. आणि मागच्या महिन्याच्या निम्म्याखाली आकडा आला तर वर्कफ्लो थांबव अशी अट घाल. ऑगस्ट २०१९ सारखा पूर येऊन हायवे बंद पडला तरच भट्टीचे युनिट एवढे पडतील.

दुसरं, बिल नीट बघ. एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात एचटी (उच्चदाब) ग्राहकांचं बिलिंग केव्हीएएचवर (ग्रिडमधून ओढलेली एकूण वीज) आहे. कार्बनला लागतं केडब्ल्यूएच (खरी वापरलेली वीज). पॉवर फॅक्टर, म्हणजे केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच, ०.९५ असेल तर आकडा पाच टक्क्यांनी फुगतो, आणि तो फुगवटा दादाच्या नावावर जातो.

एपीआय की (सेवेची गुप्त किल्ली) कोडमध्ये चिकटवली असशील तर आधी काढ, एन-एट-एनच्या क्रेडेन्शियल्स या वेगळ्या जागी ठेव. उद्या हाच वर्कफ्लो कुणाला एक्स्पोर्ट करून देशील आणि किल्लीही देऊन बसशील.

कार्बनच्या हिशेबात विकतची वीज झाली स्कोप २. आपण स्वतः जाळलेलं जनरेटरचं डिझेल स्कोप १, लिटरला सुमारे २.७ किलो. ते धरलंयस का?

तुझा काका

---

काका,

पार्सफ्लोटच होतं. आता साधारण ८८ टन दाखवतंय. केव्हीएएचचंही खरं निघालं, भाऊसाहेब सुरुवातीपासून तोच रकाना भरत होते; "पैसे ज्याचे लागतात तेच युनिट" म्हणाले. म्हणजे ८८ अजून थोडा खाली येईल. फॉर्मात आता दोन्ही रकाने ठेवलेत, गणित केडब्ल्यूएचवर.

डिझेलचं रजिस्टर कपाटात आहे. किल्ली भाऊसाहेबांकडं, आणि ते जोतिबाला गेलेत. सोमवारी कळवतो.