महागडी दारू चवीला खरंच चांगली असते का?

कोथरूडकर:
थोरल्या भावाच्या पन्नाशीला व्हिस्की न्यायचीय. दुकानात आठशेपासून आठ हजारांपर्यंत बाटल्या आहेत. दादा महिन्यातून दोनदा घेतो, तीही पाणी घालून. दहापट पैसे मोजले तर त्याला चवीत फरक कळेल का?

नाशिकची द्राक्षं:
कळेल, पण किंमत आधी सांगितलीत तर फरक चवीचा की किमतीचा हे समजणार नाही. २००८ साली अमेरिकेतल्या कॅल्टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी एकच वाइन लोकांना दोनदा दिली, एकदा ५ डॉलरची म्हणून, एकदा ४५ डॉलरची म्हणून. ४५ वाली जास्त आवडली, आणि आनंदाशी जोडलेला मेंदूचा भागही तेव्हा जास्त चेतलेला दिसला.

दोडामार्गकर:
माझ्या मामाची पेडण्याला परवान्याची काजूभट्टी आहे. मार्च-एप्रिलात बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचायला मी शाळेत असल्यापासून जातोय. त्यांचा आंबलेला रस भट्टीत पहिल्यांदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. मामा किडका बोंडू एक घेत नाही, रस नीट आंबल्याशिवाय भांडं चढवत नाही, जाळ कधी वाढवत नाही. गेल्या मे महिन्यात त्याची फेणी आणि चौपट किमतीची, नक्षीच्या बाटलीतली, अशा दोन्ही सारख्या पेल्यांत ओतल्या आणि पेल्यांच्या तळाला आकडे चिकटवले. पाचांपैकी चौघांनी मामाची उचलली. महागडी घशाला जाळत होती आणि वासात काजू जवळजवळ नव्हताच.

म्हणून आठशेवाली घ्या असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्क्यांत उसाच्या मळीचं स्पिरिट असतं. सिंगल माल्ट निव्वळ मोड आणलेल्या जवाची. हा फरक पाणी घातलं तरी कळतो. त्याच्या वर तुम्ही मोजता ते वयाचे, म्हणजे लाकडी पिंपात मुरलेल्या वर्षांचे पैसे. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते, शिवाय १८ वर्षांची करायची तर तितकी वर्षं माल अडकून पडतो, मग बाटली महाग होणारच. पण माझ्या जिभेला तिच्यात जव कमी आणि लाकूड जास्त लागतं. आणि कर धरा. तीच बाटली गोव्यात बरीच स्वस्त मिळते, चव तीच.

दादांसाठी १२ वर्षांची सिंगल माल्ट घ्या.

कोथरूडकर:
ठरलं, १२ वर्षांचीच. पाणी किती घालू?

दोडामार्गकर:
पहिला घोट कोरा घेऊ द्या. मग चमचाभर साधं पाणी. बर्फ नको, गारठ्यानं वास दबतो.