मदत हवी आहे : एबीजी (धमनीतल्या रक्तातील वायूंची तपासणी) रिपोर्टवरून आयसीयूचा क्लेम कसा तपासायचा?

नमस्कार मंडळी. मी आरोग्य विम्याचे क्लेम तपासते, पण डॉक्टर नाही. एका फाइलवर अडकले आहे.

रुग्णाला जुना सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा दीर्घकाळचा आजार). डिस्चार्ज कार्डावर ‘अक्यूट रेस्पिरेटरी फेल्युअर’ (श्वसन अचानक निकामी होणं), तीन दिवस आयसीयू, बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र). दाखल करतानाचा एबीजी असा : पीएच (रक्ताची आम्लता; आकडा कमी तितकी आम्लता जास्त) 7.28, कार्बन डायऑक्साइड 68, बायकार्बोनेट (आम्लता कमी करणारा क्षार) 31, ऑक्सिजन 72 (दोन्ही वायूंचे आकडे दाबाचे, mmHg मध्ये).

माझा हिशेब बरोबर आहे का, एवढं सांगा. कार्बन डायऑक्साइड 40 वरून 68 वर नुकताच चढला असता, तर दर 10 मागे 0.08 धरून पीएच नेहमीच्या 7.40 वरून 7.18 च्या आसपास उतरायला हवा होता. जुनाच असता तर दर 10 मागे 0.03, म्हणजे साधारण 7.32. इथे आकडा मधेच लटकलाय! बायकार्बोनेटही वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडांनी आधीपासून भरपाई केलेली दिसते. मग याला जुन्या आजारावर आलेला नवा झटका म्हणायचं ना?

खरी पंचाईत ऑक्सिजनची. नमुना घेताना किती ऑक्सिजन चालू होता, हे कुठेच लिहिलेलं नाही. 28 टक्के असेल तर पी-एफ रेशो (रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा भागिले दिलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण, म्हणजे 72 भागिले 0.28) 257, 40 टक्के असेल तर 180. केवढा फरक! नर्सिंग चार्ट मागवू की बायपॅपचं सेटिंगच पुरेल? आणि नमुना धमनीऐवजी शिरेतला असेल, तर तो कसा ओळखायचा?

ऑक्सिजन 60 च्या खाली असेल तर रेस्पिरेटरी फेल्युअर धरतात, म्हणून वरिष्ठ म्हणतात, ‘ऑक्सिजन 60 च्या वर आहे, क्वेरी टाक (म्हणजे रुग्णालयाकडे खुलासा माग).’ मला ते पटत नाही. ऑक्सिजन लावल्यावरचा आकडा तो.